जिम्नी की थार रॉक्स? पांदण रस्ता, मेळघाटचा घाट आणि रोजची नोकरी

गाविलगडचा_पायथा
नमस्कार मंडळी. अचलपूर तालुक्यातील एका खेड्यात आमचे घर आहे आणि मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे जाऊन-येऊन रोज शंभर किलोमीटरच्या आसपास डांबरी रस्ता होतो. गावापासून जवळच आमचा संत्र्याचा बगीचा आहे. तिथे जाणारी पांदण (शेतरस्ता) निव्वळ काळ्या मातीची असल्याने जुलै ते सप्टेंबर या काळात तिच्यावरून ट्रॅक्टर आणि बैलबंडीशिवाय काही जात नाही. सुटीच्या दिवशी चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल असे फिरणे होते. दिवाळीनंतर भामरागड–हेमलकसा आणि पुढेमागे स्पिती करावे, असेही मनात आहे.

मारुतीची पाच दारांची जिम्नी आणि महिंद्राची थार रॉक्स या दोन गाड्यांवर गाडी अडली आहे. दोन्ही लॅडर फ्रेमवर (खालचा स्वतंत्र पोलादी सांगाडा) उभ्या आहेत आणि दोन्हींना लो-रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) मिळते. मात्र रॉक्समध्ये फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, फक्त डिझेल इंजिनासोबत येते आणि जिम्नी केवळ पेट्रोलवर मिळते, म्हणजे हा पेट्रोल-डिझेलचाही प्रश्न झाला. घरात आम्ही दोघे, शाळेत जाणारी मुलगी आणि गुडघ्यांनी त्रस्त झालेली आई, अशी चार माणसे आहेत. बजेट ओढूनताणून बावीस लाखांपर्यंत नेता येईल. ब्रोशर वाचून झाले आहेत, तेव्हा कृपया आपापल्या रस्त्यांवरचा अनुभव सांगावा.

काळीमाती_यवतमाळ
भाऊ, आधी पांदणीचे बोलू, कारण डांबरी रस्त्यावर दोन्ही गाड्या चालणारच आहेत. काळ्या मातीत गाडी फसते ती इंजिनाची ताकद कमी पडते म्हणून नव्हे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांमध्ये अशी भरते की दोन-चार फेऱ्यांतच टायरला नक्षी होती की नाही, असा प्रश्न पडावा. त्यानंतर शंभर अश्वशक्ती असो वा पावणेदोनशे, चाक जागच्या जागी फिरत राहते आणि प्रत्येक फेरीला गाडी थोडी खाली बसते. तेव्हा प्रश्न दोनच उरतात : गाडीचे वजन किती आणि चिखलाखाली टणक थर किती खोलीवर आहे?

तुमच्या पांदणीत वीतभर चिखलाखाली मुरूम असेल तर अरुंद टायर तो चिखल कापून खालच्या थराला टेकतो आणि तिथून पकड घेतो. जिम्नीचा टायर १९५ मिलिमीटर रुंदीचा आहे आणि गाडीचे वजन साधारण बाराशे किलो आहे. रॉक्सचा टायर २५५चा असून ती जिम्नीपेक्षा पाच-सहाशे किलोने तरी जड आहे. रुंद टायर मऊ थरावर तरंगत जाण्यासाठी चांगला असतो. पण एवढ्या वजनाखाली तो तरंगतही नाही आणि नीट खालीही जात नाही, असा मधलाच प्रकार आमच्याकडे पाहायला मिळतो. मुरूमच नसेल आणि दोन-दोन फूट नुसती काळी माती असेल, तर मात्र दोन्ही गाड्यांचे शेवटचे ठिकाण एकच आहे.

धुऱ्यावरून
आणि त्या ठिकाणाहून दोघींना बाहेर काढणारी तिसरी गाडीही एकच आहे. बावीस लाखांपैकी थोडे शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या डिझेलसाठी बाजूला ठेवा.

कारंजा_लाड
काळीमाती यांचे मातीचे विवेचन मान्य आहे, पण धागाकर्त्याने स्वतःच सांगितल्याप्रमाणे रोजचे शंभर किलोमीटर डांबरी आहेत आणि पांदण वर्षातले जेमतेम तीन महिने चिखलाची आहे. मी रॉक्सचा डिझेल फोर बाय फोर ऑटोमॅटिक प्रकार चालवतो आणि कामानिमित्त समृद्धी महामार्गावर माझे नेहमी जाणे असते. तिथे गाड्यांना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि त्या वेगाला रॉक्सचे इंजिन निवांत असते. याच रस्त्यावर मित्राची जिम्नी मी चालवून पाहिली. १०५ अश्वशक्तीचे, टर्बो नसलेले दीड लिटरचे इंजिन आणि पाचच गिअर, यामुळे शंभरच्या पुढे आवाज वाढत जातो आणि मोकळ्या माळरानावर आडवा वारा सुटला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावेसे वाटते.

मागच्या सीटवर आई बसणार आहेत, त्यांचाही विचार करा. रॉक्सचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर) २८५० मिलिमीटर आहे, जिम्नीचा २५९०. रॉक्समध्ये मागे एसीचे झरोके आहेत, जिम्नीत नाहीत. मे महिन्यात दुपारी दोन वाजता अमरावतीहून परतताना या एका गोष्टीवरून घरात काय ऐकावे लागेल, ते वेगळे सांगायला नको. डिकी ४४७ लिटर विरुद्ध २०८ लिटर आहे. टाकी ५७ लिटरची विरुद्ध ४० लिटरची आहे. भामरागडकडे पंप विरळ असल्याने टाकीतल्या या सतरा लिटरांना तिथे किंमत आहे.

सिपनाकाठ
मी वैद्यकीय सेवेत आहे आणि धारणी–हरिसाल पट्ट्यात रोज जिम्नी चालवते. माझी मॅन्युअल आहे. कारंजाकरांनी जे लिहिले ते समृद्धीसाठी खरे आहे, पण परतवाड्यावरून सेमाडोहकडे वळल्यानंतर ताशी १२०चा प्रश्नच शिल्लक राहत नाही. घाटातली वळणे अरुंद आहेत. समोरून एसटी किंवा बांबूचा ट्रक आला की डांबराच्या कडेला दोन चाके उतरवावी लागतात, आणि पावसाळ्यात ती कडा नुकतीच भरलेल्या मुरमाची आहे की पाण्याने पोखरलेली, हे उतरल्यावरच कळते. अशा वेळी १६४५ मिलिमीटर रुंदीची गाडी आणि १८७० मिलिमीटर रुंदीची गाडी यांत जो वीतभर फरक आहे, तो मला रोज उपयोगी पडतो.

तोटेही सांगते. चार माणसे, सामान आणि एसी असे सगळे असले की चिखलदऱ्याच्या चढावर दुसऱ्या गिअरशिवाय गत्यंतर नसते. पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल असल्याने खड्ड्यांतून जाताना गाडी डावी-उजवी हलते आणि मागे बसलेल्यांना ते जास्त जाणवते. कंपनी प्रतिलिटर १६.९४ किलोमीटर म्हणते. मला घाट धरून १३ ते १४ मिळतात. आणखी एक बारीक गोष्ट अशी की झेटा प्रकारात हॅलोजन दिवे आहेत आणि अल्फा प्रकारात एलईडी. मेळघाटात अंधार पडल्यावर रस्त्याच्या मधोमध रानगवा उभा असतो, त्याचा रंगही अंधाराचाच असतो. माझ्या मते तुमच्या वापरासाठी झेटाचा विचारच करू नये.

फोर-एल (चारही चाके, लो-रेंज) मला क्वचितच लागते. फोर-एच (चारही चाके, नेहमीचे गिअर) पावसाळ्यात पुष्कळदा लागते.

आर्वीचा_मिस्त्री
डॉक्टर ताईंनी फोर-एचचा विषय काढलाच आहे, म्हणून सांगतो. या दोन्ही गाड्यांचे फोर बाय फोर पार्ट-टाइम प्रकारचे आहे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-एच लावून वळण घेतले की पुढची चाके आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात, शाफ्ट तसे करू देत नाही, आणि तो सगळा ताण ट्रान्सफर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) आणि टायरवर येतो. गाडी वळताना अडखळते, स्टिअरिंग जड होते. पुष्कळ लोक हा दोष समजून गाडी घेऊन येतात. चिखल, वाळू, ओला मुरूम येथे चाक थोडे घसरते आणि ताण निघून जातो, म्हणून ते तिथेच वापरायचे.

दुसरे डिझेलबद्दल. बीएस-६ (सध्याचे प्रदूषण मानक) डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग चांगल्या वेगाने चालावी लागते. घर ते वावर, वावर ते बाजार एवढेच फिरणे असेल तर तो तुंबतो आणि दिवा लागतो. धागाकर्त्याचे रोज अमरावतीला जाणे आहे, म्हणून त्यांना हा त्रास होण्याचे कारण नाही. हाच प्रश्न गावातल्या गावात फिरणाऱ्या कास्तकाराने विचारला असता तर मी डिझेलला सरळ नाही म्हटले असते.

तिसरे, जे कोणी सांगत नाही. नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली की गरम ॲक्सल एकदम थंड होतो आणि ब्रीदर (ॲक्सलमधली हवा ये-जा करण्याची नळी) खराब असेल तर आत पाणी ओढतो. डिफरन्शियलचे तेल दुधाळ दिसले की समजावे पाणी शिरले आहे. पावसाळा संपल्यावर दोन्ही ॲक्सलचे आणि ट्रान्सफर केसचे तेल एकदा उघडून बघा, गाडी कोणतीही घ्या.

पूर्णाकाठ
एक मूळ शंका. फोर बाय फोर खरोखर हवेच आहे का? रॉक्सचा मागच्या चाकांवर चालणारा प्रकार पुष्कळ स्वस्त पडतो. ऑगस्ट २०२४मध्ये गाडी आली तेव्हा त्याची शोरूम किंमत १२.९९ लाखांपासून होती आणि फोर बाय फोर १८.७९ लाखांपासून. मधल्या पैशांत बगीच्याचे ठिबक नव्याने टाकून होईल. आमच्या भागात निम्मे कास्तकार बोलेरोवर आहेत, ती मागच्याच चाकांवर चालते, आणि त्यांचे काही अडलेले मी तरी पाहिले नाही.

काळीमाती_यवतमाळ
पूर्णाकाठ, बोलेरोवाले अडत नाहीत, कारण पांदणीच्या तोंडाशी गाडी लावून पुढे पायी जाण्याचा शहाणपणा त्यांच्यापाशी आहे. धागाकर्त्याला पांदणीतून जायचे आहे. कामापुरती गाडी आणि हौस यांचा हिशेब एकत्र मांडला तर फोर बाय फोर कधीच परवडणार नाही, हे मात्र मान्य.

झाडीपट्टी_आरमोरी
भामरागडचा उल्लेख झाला म्हणून गडचिरोलीकडून चार शब्द. महिंद्रा कंपनी थारसाठी ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता सांगते आणि तो आकडा पाहून पुष्कळांना रपट्यावरून (ठेंगणा पूल) पाणी वाहत असताना गाडी घालण्याचा मोह होतो. हा आकडा साचलेल्या किंवा अगदी मंद पाण्यासाठी आहे, आणि तोही तळ माहीत असताना. वाहत्या पाण्याचा रेटा गाडीच्या बाजूवर येतो, गाडी जितकी पाण्यात जाईल तितकी ती हलकी होते, आणि चाकांखाली रपट्याची कडा आहे की वाहून गेलेला भराव, हे गढूळ पाण्यात दिसत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि तेव्हा इथला माणूस कोणतीही गाडी न घालता पाणी उतरण्याची वाट पाहतो. तुम्ही दिवाळीनंतर येणार आहात हे उत्तम आहे. तेव्हा रस्ते कोरडे असतात आणि या दोहोंपैकी कोणतीही गाडी आलापल्लीवरून निवांत येईल.

पाण्याची एवढीच हौस असेल तर फोर्स गुरखा पाहावी. तिला कारखान्यातूनच स्नॉर्केल (इंजिनाला वरून हवा देणारी उंच नळी) मिळते, पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियलला लॉक मिळते आणि ७०० मिलिमीटरची क्षमता सांगितलेली आहे. रोज अमरावतीला जाण्यासाठी मात्र मी ती सुचवणार नाही.

ताडोबा_बफर
या चर्चेत मारुतीच्या जिप्सीचे नाव अजून कसे निघाले नाही? २०१९च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले, तरी ताडोब्यात पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या जिप्सी अजूनही त्याच मुरमाच्या रस्त्यांवर रोज राबत आहेत. हलके वजन, अरुंद टायर, साधे इंजिन आणि तालुक्याच्या मिस्त्रीलाही जमणारी दुरुस्ती, हे तिचे गुण. जिम्नी त्याच घराण्यातली आहे, त्यामुळे माझा कौल कुठे आहे ते उघड आहे.

कारंजा_लाड
त्याच जिप्सीतून सफारी करून उतरल्यावर कंबर धरून चालणारे पर्यटकही आपण रोज पाहत असाल.

ताडोबा_बफर
पाहतो. त्यांतले निम्मे जाताना पुढच्या वर्षीचे बुकिंग विचारून जातात.

निवृत्त_वनपाल
धाग्यात साहसाचा उल्लेख आहे, म्हणून एक सूचना नमूद करणे कर्तव्य समजतो. फोर बाय फोर घेतल्यावर डांबर सोडून जंगलातल्या कच्च्या वाटेने गाडी घालण्याची इच्छा होते. राखीव वनात विनापरवाना शिरणे हा १९२७च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे आणि अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत १९७२चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू होतो. मेळघाटात सार्वजनिक रस्ता सोडून आत वळणारी जवळजवळ प्रत्येक वाट वनविभागाची आहे. आपले वावर, गावशिवारातल्या पांदणी, परवानगी असलेले मार्ग, एवढ्यात हौस भागवावी.

गाडीवर चढवण्याच्या वस्तूंबाबतही तेच. लोखंडी बुलबार (बंपरपुढचा सांगाडा) लावण्यास केंद्र सरकारने डिसेंबर २०१७मध्ये मनाई केली, आणि उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मूलभूत बदल करता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये दिला. गाडी उंच करणे, भलते मोठे टायर बसवणे, या गोष्टी नोंदणी आणि विमा या दोन्ही ठिकाणी नडतात. म्हणून जी गाडी जशी मिळते तशीच आपल्याला पुरेल, तीच घ्यावी.

मोर्शीची_संत्री
आईंच्या गुडघ्यांचा मुद्दा फक्त मागच्या सीटच्या जागेवर आटोपला, याचे आश्चर्य वाटले. माझ्या सासूबाईंचेही हेच दुखणे आहे. सीट कितीही ऐसपैस असली तरी तिच्यापर्यंत चढता आले पाहिजे. आम्ही दोन्ही गाड्या पाहायला गेलो तेव्हा त्यांना लुगड्यात चढायला लावले. रॉक्समध्ये आधी पाय वर, मग हाताने दांडी धरून स्वतःला ओढून घेणे, असे दोन टप्पे झाले. पायदानी लावून दिल्यावर जमले, पण उतरताना त्यांना कोणाचा तरी हात लागला. जिम्नीत चढणे सोपे गेले, कारण तिची बैठक तेवढी उंच नाही. मात्र मागचे दार लहान असल्याने डोके वाकवावे लागले. आपल्या आईला कमरेतून वाकणे जड जाते की पाय उचलणे, हे त्यांनाच विचारावे लागेल. सासूबाईंचा कौल शेवटी आमच्या जुन्या व्हॅनला मिळाला.

आणि रॉक्सच्या आतल्या कापडाचा रंग बघून घ्या. सुरुवातीला ती हस्तिदंती रंगातच आली होती. नंतर फोर बाय फोरला तपकिरी पर्याय मिळाला. काळ्या मातीच्या गावात हस्तिदंती सीट घेणाऱ्याच्या धैर्याला माझा नमस्कार.

पूर्णाकाठ
सुरक्षिततेविषयी कोणी बोलले नाही. रॉक्सला भारत एनकॅपमध्ये (टक्कर चाचणीत) पाच तारे मिळाले आहेत. जिम्नीचे काय?

सिपनाकाठ
पाच दारांच्या जिम्नीला भारत एनकॅपचे तारे मिळालेले माझ्या तरी पाहण्यात नाहीत. तीन दारांच्या जिम्नीला २०१८मध्ये युरो एनकॅपने तीन तारे दिले होते, पण ती गाडी वेगळी आणि चाचणीही वेगळी, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढू नये. सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) सर्व प्रकारांत आहेत. तरीही रोज महामार्गावर असणाऱ्याला पाच ताऱ्यांचे महत्त्व वाटले तर मी वाद घालणार नाही. अपघातात सापडलेली माणसे माझ्यापुढे येतात.

कारंजा_लाड
हे प्रांजळपणे लिहिल्याबद्दल आभार. मीही एक गोष्ट मान्य करतो. रॉक्सचा पुढचा कोन (बंपर न टेकता किती खडा चढ घेता येतो तो) ४१.७ अंश आहे आणि जिम्नीचा ३६, म्हणून समोर चढ आला की रॉक्स सरस ठरते. पण मागचा कोन जिम्नीचा ५० आहे आणि रॉक्सचा ३६.१. आणि पोट टेकण्याचा जो कोन असतो, तो एकीचा २४ आणि दुसरीचा २३.९ आहे. म्हणजे धुरा (शेताचा बांध) ओलांडताना मध्येच गाडी टेकायची असेल तर दोघी सारख्याच टेकतील. या कोनांवर रात्र-रात्र वाद घालणाऱ्यांनी हा तिसरा आकडा आधी पाहावा.

रॉक्सच्या बाजूने एक राहिले. फोर बाय फोरमध्ये मागच्या ॲक्सलला इलेक्ट्रॉनिक लॉक मिळते. एक चाक खड्ड्यात लोंबकळत असताना दुसऱ्याला पूर्ण जोर मिळतो. जिम्नी हेच काम मोकळ्या चाकाला ब्रेक लावून करते. ते काम होते, पण चाक थोडे फिरल्याशिवाय होत नाही, आणि काळ्या मातीत थोडे फिरणे म्हणजे काय ते वर सांगून झालेच आहे. तुम्ही पाहत असलेल्या प्रकारात लॉक आहे का, ते शोरूममधून लेखी घ्या.

हिशेबनीस_अकोला
लेखीचा विषय निघाला म्हणून कराचे पाहू. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे दर बदलले. पुष्कळांचा समज आहे की चार मीटरच्या आतली म्हणून जिम्नी १८ टक्क्यांत बसते. तसे नाही. पेट्रोल गाडीचे इंजिन १२०० सीसीच्या आत असावे लागते आणि जिम्नीचे १४६२ सीसीचे आहे. म्हणून दोन्ही गाड्या ४० टक्क्यांतच आहेत. राज्याच्या रस्ते करात मात्र फरक पडतो. खासगी गाडीला दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात पेट्रोलला १२ टक्के आणि डिझेलला १४ टक्के आहे. किंमत वीस लाखांच्या वर गेली की दोन्हींना एकेक टक्का वाढतो. आधीच महाग असलेल्या डिझेल गाडीला दोन टक्के जादा, शिवाय विमा त्याच प्रमाणात. डिझेलचे ॲव्हरेज आणि दर यांतून हा फरक वसूल होण्यास किती वर्षे लागतील, ते आपल्या किलोमीटरांवर ठरेल. रोज शंभर किलोमीटर असतील तर होईल, पण लगेच नाही.

धुऱ्यावरून
स्पिती राहिलीच. कुंझुमची खिंड साडेचार हजार मीटरहून उंच आहे आणि तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेले इंजिन चांगलेच दमते. टर्बो डिझेलला तेवढे जाणवत नाही. अर्थात स्पितीला मारुती ८०० घेऊन गेलेली माणसेही आहेत आणि ती परत आलेली आहेत.

गाविलगडचा_पायथा
सर्वांचे मनापासून आभार. काही शंकांची उत्तरे देतो. मागच्या रविवारी पावसाने उघडीप दिली होती, तेव्हा फीत आणि एक सब्बल (पहार) घेऊन पांदणीत गेलो. सब्बल जिथे-जिथे मारली तिथे वीत-दीड वीत माती आणि खाली मुरूम लागला. नाल्याच्या उताराला मात्र ती बरीच आत गेली आणि काहीच लागले नाही. पांदणीची रुंदी दोन्ही गाड्यांना पुरेशी आहे, पण नाल्याजवळच्या मोरीवर दोन दगडी कठड्यांमध्ये दोन मीटर पाच सेंटिमीटर भरले. रॉक्सला तिथे दोन्ही बाजूंना नऊ-नऊ सेंटिमीटर उरतात, तेही आरसे मिटवून. कोरड्यात काढता येईल, पण चिखलात गाडी आडवी सरकते, आणि सरकली की कठड्याला लागणार.

आईला दोन्ही शोरूमला नेले. मोर्शीकर ताईंचा प्रश्न नेमका निघाला. आईला पाय उचलणे जड जाते, वाकणे जमते. तिने जिम्नीत बसून पहिला प्रश्न विचारला की मागे हवा कुठून येणार. कारंजाकरांचा झरोका तिथे आठवला.

पुष्कळ विचार करून जिम्नी अल्फा मॅन्युअल घेण्याचे ठरवले आहे. मोरी, आईचे चढणे आणि उरणारे पैसे ही तीन कारणे. समृद्धीवर माझे जाणे वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी होते, त्यासाठी रोजची गाडी ठरवणे मला पटले नाही. मात्र नाल्याच्या उताराचे काय करावे, हे अजून कळत नाही.

कारंजा_लाड
अभिनंदन. माझे मत बदललेले नाही. मुलगी चार-पाच वर्षांनी बाहेरगावी शिकायला गेली की गादी, कूलर आणि बादलीसकट तिला सोडायला जाल, तेव्हा २०८ लिटरच्या डिकीबद्दल इथे येऊन लिहा. दिवाळीला पाहुणे आले की पाचवा माणूसही बसवता येणार नाही, कारण तिची नोंदणीच चार जणांची आहे.

मोर्शीची_संत्री
कूलर आता वसतिगृहात लागलेला असतो हो.

आर्वीचा_मिस्त्री
उताराबद्दल सांगतो. जिथे सब्बलीला तळ लागला नाही तिथे गाडी घालायचीच नाही, हा पहिला नियम. तेवढ्या तुकड्यावर आधी मोठी गिट्टी आणि वरून मुरूम टाकून घ्या. दोन-तीन ट्रॉल्यांत काम होईल आणि बंडीवाल्यांचीही सोय होईल. पांदण सार्वजनिक असेल तर ग्रामपंचायतीत मातोश्री पाणंद रस्ते योजनेची चौकशी करा.

उरलेल्या पांदणीत शिरण्याआधी चारही टायरची हवा थोडी कमी करा, म्हणजे नक्षी वाकते आणि भरलेली माती झटकली जाते. डांबरावर येताच पुन्हा भरा. गाडीतल्या सॉकेटवर चालणारा लहान पंप पुरतो. फोर-एच चिखलात शिरण्याआधी लावायचे, फसल्यावर नाही. एका चालीत, दुसऱ्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता. चाक जागेवर फिरू लागले की लगेच ॲक्सिलरेटर सोडा, आणि आलेल्या चाकोरीतून मागे या.

काळीमाती_यवतमाळ
मिस्त्रींच्या यादीत एक भर. ओढण्याचा पट्टा आणि दोन शॅकल (तो अडकवायच्या कड्या) गाडीत कायम ठेवा, आणि पट्टा बंपरला न बांधता गाडीच्या ठरलेल्या हुकालाच लावा. ट्रॅक्टरवाला घाईत असला की जिथे हात पोचेल तिथे साखळी अडकवतो, आणि मग गाडी तिथेच राहून बंपर तेवढा पुढे जातो.

गाविलगडचा_पायथा
नोंद घेतली. पंप आणि पट्टा गाडीआधी येतील. मिस्त्री, टायरची हवा नेमकी कितीपर्यंत उतरवावी?

आर्वीचा_मिस्त्री
दाराच्या चौकटीवर कंपनीने जो आकडा छापला आहे, त्याच्या पाव हिश्श्याने कमी करून सुरुवात करा. वीस पीएसआयच्या खाली जाऊ नका, नाहीतर वळताना टायर रिमवरून उतरण्याची भीती असते. आणि बाभळीच्या काट्यांचे ध्यानात ठेवा, हवा कमी असली की टायरची बाजू बाहेर फुगते आणि काटा तिथेच घुसतो. त्या जागेचे पंक्चर निघत नाही, टायरच बदलावा लागतो.